निंबार्त्यांचं मौन

शामसुंदर निंबार्ते रागीट आहेत, हे पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर सहाच्या त्या गल्लीत कोणाला सांगावं लागत नसे. क्वार्टरच्या भिंती एकमेकींना लागून. त्यांच्या घरात भांडं आपटलं की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवत.

प्लांटमध्ये मात्र हाच माणूस वेगळा. रूळ बनवणाऱ्या रेल मिलच्या शेडमध्ये उंचावर, क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यांनी सगळी नोकरी काढली. खाली तापलेलं लोखंड, आजूबाजूला माणसं, आणि खालचा माणूस हातानं दाखवील तसा टनावारी माल अलगद उचलायचा, अलगद ठेवायचा. निंबार्त्यांच्या हातून लोड कधी डोलत नाही, असं फोरमन नव्या पोरांना सांगत. दिवसभर श्वास धरल्यासारखं काम करून माणूस घरी यायचा आणि वरणात मीठ कमी आहे एवढ्यावरून ताट भिरकावायचा.

तासाभरानं राग उतरे. मग ते सायकल काढून बाजारात जात आणि अंजनाबाईंना आवडतात म्हणून मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा घेऊन येत. पिशवी ओट्यावर ठेवून देत, बोलत काहीच नसत. भंडाऱ्याकडून लग्न होऊन आलेल्या अंजनाबाई त्या पिशवीलाच माफी समजत. कोणी विचारलं तर म्हणत, ‘‘त्याइच्या मनात काई नसते.’’

त्यांची एकुलती एक मुलगी नूतन असं समजून घेणारी नव्हती. बाप ओरडू लागला की ती ओठ मिटून त्यांच्याकडे नुसती पाहत राही. ती नजर शामसुंदरांना ओरडण्यापेक्षा जास्त लागे, आणि म्हणून ते आणखी ओरडत.

नूतनला पाहायला गोंदियाहून पाहुणे आले, तो दिवस त्या घरात कोणी विसरलं नाही. शामसुंदर सकाळपासून ताणात होते. पाहुणे बसले, बोलणं सुरू झालं, आणि आत चहाचं दूध नासलं. अंजनाबाईंनी शेजारहून दूध मागवलं, पण तेवढा धीर शामसुंदरांना निघाला नाही. ते आत गेले.

‘‘एक काम धड होत नाई तुह्यानं! इतक्या वर्षात एक काम!’’

हात फिरला तो ट्रेवर बसला. कप खाली गेले. बाहेरच्या खोलीत कोणी खाकरलं, मग तेही थांबलं. अंजनाबाई पदर सावरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बसा ना, चहा होऊनच राहिला.’’

मुलाची आई उठून उभी राहिली होती. ‘‘राहू द्या बाई. आमी मुलगी पाहाले आलो होतो, घरही पाहून झालं.’’

पाहुणे गेल्यावर नूतननं फुटक्या कपांचे तुकडे गोळा केले. मग बापासमोर येऊन शांतपणे म्हणाली, ‘‘बस बाबा. अब बस. माझ्या लग्नाचं मी पाहून घेईन. या घरात पुन्हा कोणाला बोलवू नका.’’

ती हैदराबादला नोकरीला गेली. पुढे तिथल्याच सुशील नावाच्या सहकाऱ्याशी तिनं नोंदणी लग्न केलं. आईवडील दोघं गेले, पाहुण्यांसारखे खुर्चीवर बसले, पाहुण्यांसारखे परतले. त्यानंतर नूतनचा फोन येई तो आईला. शामसुंदर शेजारी बसलेले असत. ‘‘बाबा बरे आहेत ना?’’ एवढं ती आईलाच विचारी.

निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. शहरालगतच्या बोरसीत छोटं घर बांधून ठेवलं होतं, तिथं दोघं राहायला आली. नोकरी होती तोवर रागाला निदान घड्याळ होतं. आता दिवसभर दोघंच. नळाची तोटी गळाली तरी राग, भाजीवाली उशिरा आली तरी राग. पण आता त्यांना स्वतःलाच त्याची भीती वाटू लागली होती. एकदा ओरडून झाल्यावर आरशात त्यांना आपलाच चेहरा दिसला, फुगलेल्या शिरांचा, आणि नूतन कोणाकडे पाहत असे ते त्यांना कळलं.

मिलमधले जुने सोबती केवलराम बोरसीतच राहत. भजनी मंडळात त्यांचा पुढाकार. त्यांनी शामसुंदरांना शिवनाथ नदीच्या काठच्या एका लहानशा मठात नेलं. तिथले महाराज फार म्हातारे होते, ऐकूही कमी येई. शामसुंदर त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, ‘‘महाराज, राग आवरत नाई.’’

महाराजांनी थोडा विचार केला. ‘‘राग आला की आधी जीभ धावते. एक दिवस जिभेला सुटी देऊन पाहा.’’

शामसुंदरांनी गुरुवार धरला. ड्यूटी करावी तसं त्यांनी ते मौन केलं. सूर्योदयाला सुरू, दिवेलागणीला बंद. पहिले काही गुरुवार फार जड गेले. शब्द घशापर्यंत येत आणि दाढा आवळून धरावे लागत. पण पुढे खरंच काही बदललं. एका सकाळी भाजीवाली उशिरा आली, कोमेजलेला पालक देऊन गेली, आणि ती गेल्यावर शामसुंदरांच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलाच नाही. छातीत एक मोकळी जागा झाल्यासारखं वाटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी हाताला काही तरी लागलं होतं.

इथंच थांबले असते तर कदाचित बरं झालं असतं. पण ज्यानं उभी नोकरी एकही लोड डोलू न देता काढली, त्याला एका दिवसावर समाधान कसं वाटावं! गुरुवारचं मौन रोज सकाळचं झालं. मग दुपारपर्यंत गेलं. मग आषाढात त्यांनी मंडळासमोर हात जोडून इशाऱ्यानं जाहीर केलं, की या वर्षी अख्खा चातुर्मास मौन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गल्लीतली पोरं त्यांना मौनीकाका म्हणू लागली, बायका वाकून नमस्कार करू लागल्या. जन्मभर ज्याच्या आवाजाला लोक दचकले, त्याच्या गप्प बसण्याला आता मान मिळत होता. शामसुंदरांना तो मान गोड लागला. त्याला ते शांती समजले.

घरात काय होत होतं ते अंजनाबाईच जाणत. एक टाळी म्हणजे पाणी. दोन म्हणजे चहा. ओट्यावर वाटी वाजवली म्हणजे मीठ कमी. चुटकी म्हणजे इकडे ये. इशारा समजला नाही की पुढची टाळी जोरात येई, त्याच्या पुढची आणखी जोरात, आणि भुवया पूर्वीसारख्याच चढत. तोंडातला राग तळहातात उतरला होता, एवढंच. अंजनाबाई बोलत, उत्तर येत नसे. मग त्यांनीही दिवसाकाठी चार वाक्यांवर भागवायला सुरुवात केली. दुपारी त्या रेडिओ लावून ठेवत. गाणी ऐकत होत्या असं नाही. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

पोळा होऊन गेला होता. मागच्या आवारात शेवाळ धरलं होतं. सकाळी शामसुंदर जपाला बसलेले असताना बाहेर बादली पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग अंजनाबाईंची हाक आली.

‘‘अहो!’’

ते धावत गेले. अंजनाबाई धुण्याच्या दगडाजवळ एका कुशीवर पडल्या होत्या. उजवा पाय विचित्र वळला होता. त्यांनी उचलायला हात घातला तशा त्या किंचाळल्या. मग दम खाऊन म्हणाल्या, ‘‘पाय हलत नाई. मोडलं का हो काई? काई तरी बोला ना.’’

शामसुंदरांच्या घशापर्यंत तिचं नाव आलं. आणि सवयीनं दाढा आवळल्या गेल्या. त्याच वेळी एक विचार मनात येऊन गेला, अगदी स्पष्ट, शब्दांसकट: आता मौन मोडलं तर सगळं गेलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि मग तेच बोट वर आभाळाकडे केलं. देवाचं नाव घे.

अंजनाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले.

ते फाटकाशी धावले. समोरच्या घरात सत्यशीलाबाई राहत, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. शामसुंदरांनी टाळ्या वाजवल्या, घराकडे बोट दाखवलं. सत्यशीलाबाईंनी नमस्कार केला. ‘‘अंजनाबाई बोलावून राहिल्या का? संध्याकाळी येते म्हणा भाऊ,’’ असं म्हणून त्या आत गेल्या. मौनी माणसाला जास्त बोलायला लावू नये, असं त्यांना वाटलं असावं. शामसुंदर लोखंडी फाटक दोन्ही हातांनी हलवत राहिले. त्या आवाजानं त्या पुन्हा बाहेर आल्या, त्यांचा चेहरा पाहिला आणि पायांत चप्पल न घालता धावत आल्या. त्यांनीच ऑटो बोलावला, त्यांनीच गल्लीतली दोन माणसं गोळा केली. तेवढा वेळ अंजनाबाई ओल्या दगडावर पडून होत्या.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. ‘‘शुगर है? बीपी? कौन सी गोली चलती है?’’ ती शामसुंदरांना विचारू लागली. गोळ्या तेच आणून देत, नावं त्यांना पाठ होती. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यावर लिहायला लागले. अक्षरं चुकत होती. स्ट्रेचरवरून अंजनाबाई म्हणाल्या, ‘‘मैं बताती हूँ. इनका मौन चल रहा है.’’

पूर्वी ज्या आवाजात त्या विचारणाऱ्यांना ‘त्याइच्या मनात काई नसते’ सांगत, तोच आवाज. त्यानंतर डॉक्टरिणीनं शामसुंदरांना काही विचारलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. शामसुंदर बाहेरच्या बाकावर बसले होते तिथं केवलराम आले. सगळं ऐकून आले होते. शेजारी बसून त्यांनी शामसुंदरांचा हात दोन्ही हातांत घेतला.

‘‘धन्य आहेस शामभाऊ. बायको अशी पडली, तरी व्रत ढळू देलं नाई. मंडळात सांगतो मी आज.’’

केवलराम मनापासून बोलत होते. पण ते ऐकताना शामसुंदरांनी आपला हात सोडवून घेतला. ओल्या दगडावरचा तो चेहरा समोर आला. ‘काई तरी बोला ना.’ आणि आपलं आभाळाकडे गेलेलं बोट.

‘‘सांगू नको,’’ ते म्हणाले. आवाज चिरका निघाला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. ‘‘कोणाले सांगू नको, केवलराम. हे सांगण्यासारखं नाई.’’

शामसुंदर उठून वॉर्डात गेले. अंजनाबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

‘‘अंजना.’’

त्यांनी डोळे उघडले. त्या हसतील, रडतील, असं शामसुंदरांना वाटलं होतं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

‘‘आता कावून बोलून राहिले? होऊ द्या ना पुरा चातुर्मास.’’ मग भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, ‘‘तुमी ओरडायचे तवा भेव वाटे, पण घरात माणूस आहे असं तरी वाटे. या मौनात मी घरात एकटीच होती.’’

ऑपरेशनच्या दिवशी नूतन आली. तिनं बापाला दोष दिला नाही, रागावलीही नाही. आईची उशी नीट करणं, औषधं लावून ठेवणं, सगळं करत राहिली. आईला घरी आणल्यावर, सुटी संपून परत निघताना तिनं बापाला स्वयंपाकघरात बोलावलं.

‘‘बाबा, आईचं सगळं आता तुम्हालाच करायचंय. पण टाळी नाही, चुटकी नाही, बोट दाखवणं नाही. तोंडानं विचारायचं. ती काय म्हणते ते ऐकायचं. मगच हात लावायचा. जमेल?’’

‘‘जमेल,’’ शामसुंदर म्हणाले.

जमत नव्हतं. आज्ञा देणं त्यांना येई, ओरडणं येई, गप्प बसणंही आता येई. साधं विचारणं येत नव्हतं. ‘‘पाणी... देऊ का?’’ एवढं म्हणताना ते अडखळत. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पोळ्या लाटल्या, बायकोचे केस विंचरले, बेडपॅन धुतलं. त्याची त्यांना लाज वाटली नाही. लाज वाटे ती विचारल्यावर उत्तर आलं नाही म्हणजे. कारण काही दिवस अंजनाबाई उत्तरच देत नसत. ‘‘दुखून राहिलं का?’’ काही नाही. ‘‘खिडकी लावू?’’ काही नाही. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. तेव्हा त्या बाईनं मौनाचे ते महिने कसे काढले असतील ते शामसुंदरांना हळूहळू उमजत गेलं. त्यांनी विचारणं सोडलं नाही.

याच दिवसांत ते एकदा मठात जाऊन आले. चातुर्मासाचं मौन मोडलं, हे महाराजांच्या कानाशी सांगितलं.

‘‘मी एक दिवस म्हटलं होतं, बाबा,’’ महाराज म्हणाले. ‘‘घरी कोण आहे?’’

‘‘बायको. पाय मोडला आहे तिचा.’’

‘‘मग इथं कशाला बसला?’’

ते लगेच उठले.

वॉकर धरून चालण्याचा व्यायाम सुरू झाला. पलंगापासून दारापर्यंत. एका दुपारी अंजनाबाई मध्येच थांबल्या. ‘‘नाई होत माह्यानं.’’

‘‘होत कसं नाई! डॉक्टरनं सांगतलं ना! तुले करूनच पाहायचं नाई!’’

तोच जुना आवाज, घरभर गेला. अंजनाबाईंचा चेहरा उतरला. पूर्वी अशा वेळी शामसुंदर पिशवी घेऊन बाजारात गेले असते, नाहीतर ओठ शिवून जपाला बसले असते. दोन्ही वाटा त्यांना समोर दिसल्या. ते जागचे हलले नाहीत. खुर्ची ओढून त्यांनी अंजनाबाईंना बसवलं आणि स्वतः समोर फरशीवर बसले.

‘‘मी ओरडलो. चुकलं माहं. तू भ्याली.’’

‘‘हाव, भ्याली,’’ अंजनाबाई म्हणाल्या. ‘‘आजच नाई. लग्न झालं तवापासून भेऊनच राहिली मी.’’

आणि मग त्या बोलू लागल्या. नासलेल्या दुधाचा दिवस. नूतन लहान असताना बापाच्या सायकलची घंटी ऐकून पलंगाखाली जाऊन बसायची, ते. माहेरी जाऊन राहावं असं कितीदा मनात आलं, ते. आवाज चढला नाही की डोळ्यांतून पाणी आलं नाही. एकेक गोष्ट तांदळातले खडे काढावे तशी काढून ठेवत गेल्या. शामसुंदरांना मध्येच सांगावंसं वाटलं, की असं नव्हतं, मले असं म्हणायचं नव्हतं. कान तापले, हात वळले. उठून जाऊ नये आणि मध्ये बोलू नये, एवढंच व्रत त्यांनी त्या दुपारी पाळलं. आजवरच्या कुठल्याही गुरुवारपेक्षा ते अवघड गेलं.

सांगून झाल्यावर अंजनाबाईंनी वॉकर पुढे ओढला. ‘‘धरा. दारापर्यंत जाऊन येऊ.’’

त्यानंतर घर एकदम बदललं असं नाही. पण बोलणं सुरू झालं. एकदा अंजनाबाईंनी विचारलं, ‘‘तिथं वर बसून तुमाले दिसे काय हो दिवसभर?’’ इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं आणि शामसुंदरांनी कधी सांगितलं नव्हतं. शामसुंदर सांगत बसले. वरची उष्णता, खाली मुंगीएवढी माणसं, आणि प्रत्येक वेळी वाटणारी ती भीती, की आज आपल्या हातून कोणी मरेल. ‘‘रोज?’’ अंजनाबाईंनी विचारलं. ‘‘रोज,’’ ते म्हणाले. अंजनाबाई बराच वेळ त्यांच्या हातांकडे पाहत राहिल्या. त्यांनी काही माफ केलं की नाही, ते शामसुंदरांनी विचारलं नाही.

कार्तिकात मंडळानं चातुर्मासाची सांगता केली. मौनाबद्दल सत्कार करायचं आधीच ठरून गेलं होतं, म्हणून शामसुंदरांसाठी शाल-श्रीफळ आणलं होतं. ते उभे राहिले.

‘‘माहं मौन मोडलं आहे. जवा मोडाले पाहिजे होतं, तवा नाई मोडलं, उशिरा मोडलं. तोवर माही बायको ओल्या दगडावर पडून होती. ही शाल मले नोको.’’

सभा अवघडली. केवलराम काही दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत. नमस्कार करणाऱ्या बायका कमी झाल्या. सत्यशीलाबाई मात्र दुसऱ्या दिवशी अंजनाबाईंसाठी डब्यात खीर घेऊन आल्या आणि शामसुंदरांशी पहिल्यांदाच बसून गप्पा मारून गेल्या.

आता ते पहाटे अजून जपाला बसतात. आतली ती मोकळी जागा खोटी नव्हती, हे त्यांना ठाऊक आहे. फक्त अंजनाबाईंची हाक आली की ते अर्ध्या माळेवर उठतात. सुरुवातीला चुटपुट लागे, आता लागत नाही. अंजनाबाईंना तेल लावून पाय हलवायला मदत करायची, मग चहा ठेवायचा, मग वाटलं तर उरलेला जप. राग येतो. कधी आवाजही चढतो. पण आता ते त्याच खोलीत थांबतात आणि तोंडानं सांगतात.

एका रविवारी नूतनचा फोन आला, तेव्हा अंजनाबाई सत्यशीलाबाईंकडे गेल्या होत्या, काठी टेकत, एकट्या. फोन शामसुंदरांनी उचलला.

‘‘आई नाई घरी. बाहेर गेली, चालत,’’ ते म्हणाले. मग नूतननं ठेवायच्या आत घाईनं म्हणाले, ‘‘थांब जरा. गोंदियाचे पाहुणे आले होते त्या दिवसाचं तुह्याशी बोलायचं आहे मले. तुही आई मले सगळं बोलली. तू पलंगाखाली बसायची तेही.’’

‘‘बाबा, छोड़ो ना आता ते.’’

‘‘नाई बेटा. मी चुकलो, हे तुले माह्या तोंडून ऐकायचं बाकी आहे.’’

नूतन रडली नाही. सगळं विसरले, असंही म्हणाली नाही. मग तिनं विचारलं, ‘‘आणि तुम्ही? तुम्ही कसे आहात?’’

तिनं हे त्यांना असं थेट विचारून किती वर्षं झाली होती. बरा आहे, हे उत्तर ओठांवर आलं होतं, पण ते पुरेसं खरं वाटलं नाही. ते शब्द शोधत राहिले, आणि हैदराबादेत त्यांची लेक फोन कानाला लावून थांबून राहिली.